निकोटिनचं घड्याळ : मूल वेप ओढतंय हे कळल्यावर

दप्तर आवरताना पेनड्राइव्हसारखं काहीतरी हाताला लागतं. एका टोकाला बारीक भोक, दुसऱ्या टोकाला चार्जिंगची खाच. नाकाशी नेलं तर आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा गोडसर वास. हे काय आहे ते क्षणभर कळत नाही, आणि हे वेप, म्हणजे ई-सिगारेट आहे, हे कळतं तेव्हा पोटात गोळा येतो. मूल अजून घरी यायचंय. तुमच्या हातात तासभर आहे.

त्या तासात करण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे थांबणं. ती वस्तू फोडू नका, शाळेला फोन लावू नका, नातेवाइकांना सांगू नका, मुलाच्या मोबाइलमध्ये शिरू नका. थरथरत्या आवाजात विचारलेल्या "हे काय आहे?" या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "माझं नाहीये, मित्राचं आहे." हे वाक्य एकदा तोंडून गेलं की मुलाला ते निभावून न्यावं लागतं. मग पुढचे कित्येक दिवस भांडण त्या खोट्यावरच होत राहतं आणि वेप बाजूलाच राहतं.

थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं असं नाही. ही वस्तू मुलाच्या शरीरात काय करते ते या वेळात समजून घ्या. आईबाबांचं बोलणं फसतं ते प्रेम कमी असतं म्हणून फसत नाही. आपण नेमकं कशाशी लढतोय हे माहीत नसतं, म्हणून ते फसतं. निकोटिनला स्वतःचं एक घड्याळ असतं. ते वाचता आलं की मुलाचं चिडणं, उठल्याउठल्या बाथरूममध्ये लांबलेला वेळ, मधल्या सुट्टीची घाई, अभ्यासात मन न लागणं, अशा बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं हेसुद्धा त्यावरून ठरवता येतं.

त्या नळीत असतं काय

एक छोटी बॅटरी, तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, आणि थोडं द्रावण. झुरका घेतला की कॉइल तापते आणि द्रावणाचं धुकं होतं. मुलं त्याला वाफ म्हणतात, पण ती पाण्याची वाफ नसते. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची रसायनं आणि निकोटिन यांच्या अतिसूक्ष्म थेंबांचं ते धुकं असतं. तापल्यावर त्यात फॉर्मल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार होऊ शकतात, आणि धातूच्या भागांतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश उतरू शकतात.

आजची ई-सिगारेट होन लिक या चिनी फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास तयार केली. ते स्वतः सिगारेट ओढत. सिगारेट सुटावी यासाठी काहीतरी हवं, ही त्यामागची कल्पना. मुलांच्या हाती ही वस्तू इतक्या सहज गेली त्यामागे मात्र पुढचा एक बदल आहे, आणि तो समजून घ्यायलाच हवा.

जुन्या द्रावणातलं निकोटिन घशाला झोंबायचं. प्रमाण वाढवलं की ठसका लागायचा. पहिल्यांदा ओढणारं मूल खोकून बेजार व्हायचं आणि पुष्कळदा तिथेच सोडून द्यायचं. तो ठसका म्हणजे एक प्रकारे शरीराने लावलेली कडी होती. मग निकोटिनमध्ये बेंझोइक आम्लासारखं सौम्य आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार वापरायची पद्धत आली. क्षाराचं धुकं घशाला मऊ लागतं, त्यामुळे कितीतरी जास्त निकोटिन न खोकता आत जातं. २०१५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या जूल या वेपच्या कंपनीने हेच केलं. तिच्या ५ टक्क्यांच्या पॉडमध्ये, म्हणजे वेपमध्ये बसवायच्या द्रावणाच्या छोट्या डबीत, जेमतेम ०.७ मिलीलिटर द्रावण असायचं, आणि त्या एका पॉडमध्ये साधारण सिगारेटच्या एका पाकिटाइतकं निकोटिन असतं असं कंपनी स्वतःच सांगत असे. युरोपीय संघाने द्रावणातल्या निकोटिनवर मिलीलिटरला २० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे; जूलच्या त्या पॉडमध्ये ते जवळजवळ तिप्पट होतं.

म्हणजे तुमचं मूल "मी सिगारेट थोडीच ओढतोय" असं म्हणतं, तेव्हा ते तुम्हाला फसवत असतंच असं नाही. धूर नाही, राख नाही, ठसका नाही, वर फळाची चव. आपण किती निकोटिन घेतोय याचा अंदाज त्याला येतच नाही. सिगारेट संपते, तिला शेवट असतो. वेप संपत नाही. खिशातून काढून एक झुरका, परत खिशात, असं दिवसभर चालू राहतं. "निकोटिन नाही" असं लिहिलेल्या काही उत्पादनांतसुद्धा तपासणीत निकोटिन सापडलेलं आहे, त्यामुळे वेष्टनावरच्या त्या ओळीवर विसंबून तुम्हीही राहू नका आणि मुलालाही राहू देऊ नका.

आता ते घड्याळ

आत ओढलेलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे डोपामिन हे बक्षिसाची जाणीव देणारं रसायन सुटतं, आणि मेंदू नोंद करून ठेवतो : हे चांगलं होतं, हे पुन्हा कर. इतक्या पटकन बक्षीस देणाऱ्या गोष्टी फार कमी असतात. सवय जडण्यात या वेगाचा मोठा हात असतो.

मग उतार सुरू होतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, आणखी दोन तासांत त्याच्याही निम्म्यावर. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूने निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या जागा वाढवून ठेवलेल्या असतात. पातळी उतरली की त्या रिकाम्या जागा मागणी करू लागतात. त्यालाच आपण तलफ म्हणतो. अस्वस्थ वाटतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. एक झुरका घेतला की हे सगळं शांत होतं.

या ठिकाणी जरा थांबून विचार करा, कारण घरातली बहुतेक भांडणं इथे जन्माला येतात. मूल म्हणतं, "मला टेन्शन येतं, ओढल्यावर बरं वाटतं." आईबाबांना वाटतं, ही पळवाट आहे. ती पळवाट नाही. त्याला खरोखर बरं वाटतं. फक्त जे टेन्शन त्या झुरक्याने घालवलं, त्यातला मोठा भाग आधीच्या झुरक्यानेच आणलेला असतो, हे त्याला दिसत नाही. दिसणार तरी कसं? निकोटिन उतरल्यामुळे येणारी घालमेल आणि परीक्षेची, मैत्रीतल्या दुराव्याची, घरातल्या ताणाची घालमेल आतून अगदी सारखीच जाणवते. शरीर दोन्हींवर वेगवेगळी चिठ्ठी लावत नाही.

रात्रीची झोप हा या घड्याळातला सगळ्यात लांब उपवास. सात-आठ तासांत पातळी तळाला जाते, म्हणून सकाळी मूल सगळ्यात जास्त चिडकं असतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत वेप लागत असेल तर सवय पक्की झाली आहे असं समजावं. तज्ज्ञ व्यसनाची खोली मोजताना हा प्रश्न आवर्जून विचारतात. आणि नेमक्या याच वेळी आपण काय करतो? "ऊठ, आवर, कालचं अजून डोक्यात आहे माझ्या, बोलायचंय तुझ्याशी." इतकी वाईट वेळ शोधूनही सापडणार नाही.

किशोरवयात हे सगळं आणखी घट्ट बसतं. परिणामांचा विचार करणारा, मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. नवं चटकन शिकण्याची जी ताकद या वयात असते, तिच्याच जोरावर व्यसनही चटकन शिकलं जातं. विवेक मूर्ती अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबतचे प्रमुख सरकारी डॉक्टर असताना, २०१६ मध्ये निघालेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की या वयातलं निकोटिन लक्ष, शिकणं आणि मनाची स्थिती यांवर परिणाम करू शकतं. त्याआधी डॉ. जोसेफ डिफ्रान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेट ओढू लागलेल्या १२-१३ वर्षांच्या मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की काही मुलांत रोज ओढायला लागण्याआधीच अवलंबून राहण्याची लक्षणं सुरू झाली होती. "कधीतरीच ओढतो" हे खरं असलं तरी त्यावर निर्धास्त होता येत नाही, ते यासाठी.

बोलायचं कसं

वेळ निवडा. सकाळ नको, मूल दारातून आत येतानाचा क्षण नको, पाहुणे असताना तर नकोच. शेजारीशेजारी बसून किंवा चालता चालता बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं, कारण सतत डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि आई-बाबा दोघं मिळून समोर बसलात तर मुलाला ते न्यायालय वाटतं. एकाने सुरुवात करावी. ज्याच्याशी मूल जास्त मोकळं असतं त्याने.

पहिलं वाक्य सापळा असू नये. सापडलेलं वेप खिशात ठेवून "तू वेप ओढतोस का रे?" असं विचारणं म्हणजे खोटं बोलायला आमंत्रण देणं. त्याऐवजी हातातली पानं उघडी करा : "तुझ्या दप्तरात मला वेप मिळालं. मी घाबरले, खरं सांगते. आज शिक्षा वगैरे काही ठरवायची नाहीये. मला फक्त समजून घ्यायचंय." यातला प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे. शिक्षा नाही म्हणालात आणि रात्री मोबाइल काढून घेतलात, तर पुढचं सगळं बोलणं संपलं.

मग प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं तुम्हाला खरंच माहीत नाहीत असे. पहिल्यांदा कधी ओढलंस? काय वाटलं? आता कधी कधी आठवण येते? ओढून बरं काय वाटतं? हा शेवटचा प्रश्न विचारायला आईबाबा घाबरतात. आपणच वेपची बाजू घेतोय असं त्यांना वाटतं. पण विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये व्यसनी माणसांशी बोलण्याची जी पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली, तिचं मर्म याच प्रश्नाजवळ आहे. माणसाच्या मनात सोडावं आणि सोडू नये असे दोन्ही आवाज असतात. तुम्ही "सोड, सोड" म्हणत राहिलात तर दुसरा आवाज त्याला एकट्यालाच चालवावा लागतो, आणि तो वाद घालत बसतो. ओढण्यातलं बरं काय ते त्याने सांगितलं आणि तुम्ही न तोडता ऐकलंत, तर "पण" हा शब्द त्याच्याच तोंडून येण्याची शक्यता वाढते.

एक संभाषण असं होऊ शकतं.

"बरं वाटतं म्हणजे नेमकं काय होतं?"

"शांत वाटतं. डोकं थंड होतं."

"हं. आणि नसेल तेव्हा?"

"नसेल तेव्हा… वैताग येतो. तासाला लक्षच लागत नाही. सारखं तेच डोक्यात."

"हे ओढायला लागायच्या आधीही असंच व्हायचं?"

"(थोडं थांबून) एवढं नाही व्हायचं."

त्या थांबण्यात व्याख्यान घुसवू नका. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य तर जिभेवरच थोपवा. ते घड्याळ त्याला स्वतःला दिसू लागलंय, अजून दिसू द्या. हवं तर एवढंच म्हणा : "मी परवा वाचलं, निकोटिन दोन तासांत निम्मं उतरतं म्हणे. तुझा वैताग त्या वेळी येतो का, बघशील दोन दिवस?" हे काम त्याला करून बघावंसं वाटतं, कारण त्यात कुणी त्याला चूक ठरवत नाहीये, तो स्वतःचाच निरीक्षक आहे.

मित्रांची नावं विचारू नका. "कुणी दिलं? कोण कोण ओढतं?" हे प्रश्न तुम्हाला साहजिक वाटतात, मुलाला ते फितुरी मागितल्यासारखे वाटतात. मैत्री की आई असा पेच या वयात टाकला तर उत्तर काय येईल सांगता येत नाही. कुणी मोठा माणूस मुलांना हे विकतोय असं दिसलं तर ती गोष्ट वेगळी, ती सोडू नये. पण तीही पहिल्या दिवशी नको.

घरात कुणी तंबाखू खात असेल, सिगारेट ओढत असेल, तर तो विषय मुलाने काढायच्या आधी तुम्ही काढा. "मला स्वतःला सुटलेलं नाही, आणि किती अवघड आहे ते मला माहीत आहे" असं बाबांनी सांगणं हे "मोठ्यांचं वेगळं असतं" यापेक्षा शंभरपटीने मोलाचं आहे. जमल्यास दोघांनी एकाच दिवशी सुरुवात करावी.

भीती घालावी का?

खरी असेल तेवढीच. मुलाच्या फोनमध्ये सगळं जग आहे. तुमच्या दहा वाक्यांतलं एक खोटं निघालं की बाकीची नऊही तो सोडून देतो.

उदाहरणार्थ, "वेपने पॉपकॉर्न फुफ्फुस होतं" हे वाक्य सर्रास फिरतं. फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना इजा करणारा तो आजार २००० च्या सुमारास अमेरिकेत मिसुरीतल्या एका पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांत आढळला, डायअसिटिल या लोण्याच्या चवीच्या रसायनाशी त्याचा संबंध लागला, आणि पुढे हे रसायन काही वेपच्या द्रावणांतही सापडलं. चिंतेचं कारण आहेच. पण कारखान्यात दिवसरात्र ती हवा घेणाऱ्या कामगाराचा आजार वेप ओढणाऱ्या प्रत्येकाला होणार असं म्हणणं बरोबर नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत जे घडलं ते मात्र जसंच्या तसं सांगावं. तरुण, धडधाकट मुलं श्वास कोंडून रुग्णालयात दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. तपासात बोट गेलं ते मुख्यतः टीएचसी हा गांजातला नशा आणणारा घटक असलेल्या, अनधिकृत मार्गाने आलेल्या वेपकडे आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे. यातून मुलाला सांगायचं ते इतकंच : पॉडमध्ये काय भरलंय हे बाहेरून कुणालाच कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही. म्हणून दुसऱ्याने दिलेल्या वेपचा झुरका घेऊन छातीत दुखलं, धाप लागली, खोकला थांबेना, उलट्या झाल्या, भलतंच गुंगल्यासारखं वाटलं, तर "आई ओरडेल" म्हणून लपवायचं नाही, लगेच सांगायचं. आणि त्याने सांगितलं तर दवाखान्यात जाण्याआधी एकही प्रश्न विचारायचा नाही, हे वचन तुम्ही द्यायचं.

"सिगारेटपेक्षा बरंच की" या युक्तिवादाला उत्तर द्यावं लागेल. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती पूर्ण सोडून वेप घेतलं, तर जळणाऱ्या तंबाखूतली पुष्कळ घातक रसायनं त्याच्या शरीरात कमी जातात, हे खरं आहे. पण तुमचं मूल सिगारेट सोडत नव्हतं. ते शून्यावरून इथे आलं आहे, आणि त्याची तुलना शून्याशीच व्हायला हवी. इतकं साधं उत्तर मुलांना पटतं.

घरात धाकटं भावंड असेल तर आणखी एक गोष्ट आजच सांगा : ते द्रावण गिळणं लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. अंगावर सांडलं तरी लगेच धुवावं लागतं.

नियम, शिक्षा, झडती

नियम असावेत. घरात वेप चालणार नाही, हे शांतपणे आणि ठाम सांगावं. समजून घेणं म्हणजे परवानगी असा गैरसमज मुलाचा होऊ देऊ नये. पण तलफ हा शरीराचा मामला आहे, ती शिक्षेने उतरत नाही. खेळ बंद, मित्र बंद, बाहेर जाणं बंद अशी शिक्षा केलीत तर सोडताना ज्या गोष्टींचा आधार लागणार आहे त्याच काढून घेतल्यासारखं होतं. लघवीची तपासणी घरच्या घरी करावी का, असंही पालक विचारतात. माझ्या मते नको. निकोटिनपासून शरीरात बनणारं कोटिनिन काही दिवस सापडतं, म्हणजे तपासणी होते. पण ती कालचं ओढणं सांगते, उद्याचं थांबवत नाही, आणि मूल चकवायला शिकतं. डॉक्टरांनी, मुलाला विचारून केली तर गोष्ट वेगळी.

सोडायचं ठरल्यावर

पहिल्याच बोलण्यात मूल "सोडतो" म्हणालं तर आनंद वाटेल, पण ते पुष्कळदा तुम्हाला गप्प करण्यासाठी असतं. खरा "सोडतो" उशिरा येतो, आणि त्यापाठोपाठ "पण कसं?" येतं.

दिवस त्याने निवडावा, जवळचा, येत्या एक-दोन आठवड्यांतला. परीक्षेचा आठवडा टाळावा. तोवर घड्याळाशी थोडी कुस्ती खेळता येते : सकाळचा पहिला झुरका आज पंधरा मिनिटं पुढे, परवा अर्धा तास. पहिला झुरका लांबवणं सगळ्यात जड जातं, म्हणून ते जमलं की मुलाला स्वतःबद्दल भरवसा वाटू लागतो. वेप कुठे ठेवलंय, कुठल्या वाटेवर, कुणासोबत, कशानंतर ओढलं जातं, हे त्यानेच लिहून काढावं. आदल्या रात्री उरलेलं सगळं, चार्जरसकट, घराबाहेर जावं. फेकताना आत लिथियमची बॅटरी आहे हे ध्यानात ठेवून ते ई-कचऱ्यात द्यावं.

मग पहिले तीन दिवस. शेवटच्या झुरक्यानंतर काही तासांत अस्वस्थता सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते. झोप उडते, भूक वाढते, लक्ष लागत नाही, डोळ्यांत पाणी येतं, क्षुल्लक कारणावरून दार आपटलं जातं. हे तीन दिवस घरातल्या सगळ्यांनी आधीच कबूल करून ठेवावेत : या दिवसांत खोली आवरण्यावरून, गुणांवरून, आवाजावरून कुणी बोलणार नाही. दार आपटलं तर ते निकोटिनने आपटलं असं समजायचं. उद्धटपणा कायमचा माफ करा असं मी म्हणत नाही. त्याचा हिशेब चौथ्या आठवड्यात करा, कारण बहुतेक त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो, आणि तेव्हा हिशेब करण्यासारखं फारसं उरलेलंही नसतं.

एकेक तलफ मात्र छोटी असते. उसळते, काही मिनिटं छळते आणि ओसरते, ओढलं तरी आणि नाही ओढलं तरी. ती मिनिटं काढायची युक्ती प्रत्येकाची वेगळी. कुणी जिना चढून उतरतं, कुणी थंड पाणी घोटघोट पितं, कुणी तोंडात काही चघळतं, कुणाला हातात काहीतरी फिरवत राहायला लागतं, कारण बोटांनाही सवय झालेली असते. रात्री उशिरा तलफ आली तर उठवलं तरी चालेल असं मुलाला सांगून ठेवा. बहुधा उठवणार नाही. पण उठवता येतं एवढं माहीत असण्याचाही आधार होतो.

सगळं घरातच निभावलं पाहिजे असा हट्ट नको. पालकांना लाज वाटते, डॉक्टरांना काय सांगायचं म्हणून ते थांबतात, आणि मूल पुन्हा पुन्हा हरत राहतं. मोबाइलवर रोज एक-दोन संदेश पाठवून आधार देणाऱ्या कार्यक्रमाची अमेरिकेत १३ ते १७ वर्षांच्या मुलांवर पद्धतशीर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सात महिन्यांनी संदेश मिळणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्के मुलं वेपपासून दूर होती, इतरांत हे प्रमाण २८ टक्के होतं. नुसत्या संदेशांनी एवढा फरक पडतो. २०२५ मध्ये १६ ते २५ वयाच्या तरुणांवर व्हरेनिक्लिन या सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ५१ टक्क्यांनी उपचाराच्या शेवटच्या महिन्यात वेपला हात लावला नाही. बिनऔषधाची गोळी आणि तेच समुपदेशन मिळालेल्यांत हा आकडा १४ टक्के होता. निकोटिनचे पॅच आणि चघळायच्या गोळ्याही असतात. अठराच्या आतल्या मुलाला यांतलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारा. पण विचारा नक्की. उठल्याउठल्या ओढणाऱ्या, रात्री झोपेतून जागं होऊन ओढणाऱ्या मुलाला केवळ निश्चयाच्या भरवशावर सोडणं मला क्रूर वाटतं.

आणि एक गोष्ट डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलावी. निकोटिन उतरून चार-सहा आठवडे झाले तरी मूल उदास आहे, लक्ष लागत नाही, झोप नाही, तर तो त्रास वेपच्या आधीपासूनचा असू शकतो. नैराश्य, चिंता, लक्ष न टिकण्याचा विकार असलेली मुलं निकोटिनकडे जास्त ओढली जातात, कारण त्यांना त्यातून थोडा वेळ का होईना पण आराम मिळतो. वेप काढून घेतलं आणि त्या आजाराकडे पाहिलंच नाही, तर मुलाने स्वतःसाठी शोधलेलं चुकीचं का होईना ते औषधही गेलं आणि खरं औषध मिळालंच नाही असं होतं. मूल जगण्याला कंटाळल्याचं, स्वतःला इजा करण्याचं बोललं तर वेपचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या, त्याला एकटं सोडू नका.

पुन्हा ओढलं तर

ओढेल, बहुतेक. निकोटिन सोडणारी बरीच माणसं पहिल्या प्रयत्नात थांबत नाहीत, मोठीसुद्धा. समजा सोडून अकरा दिवस झालेत. रात्री तुम्ही दिवा मालवायला जाता आणि खोलीतून आवाज येतो.

"आई, आज ओढलं मी."

छातीत कळ येईल. येऊ द्या. मूल आपण होऊन सांगतंय, तुम्ही दप्तरातून काढलेलं नाही, एवढं त्या क्षणी आठवलं तरी पुरे.

"बरं झालं सांगितलंस." पलंगाच्या कडेला बसा. "किती वाजले होते?"

"साडेचार असतील. शाळा सुटल्यावर. मागच्या फाटकापाशी सगळे उभे होते."

"दुपारी खाल्लं होतंस का काही?"

"नाही."

"उद्या पुढच्या फाटकातून येशील? मी येऊन उभी राहू?"

"नको, तू नको येऊस." मग थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून : "मी येईन पुढच्या फाटकातून."